मॅच बघायला बसलो, सर्व्हिस चार्ज काढायला लावला. वेटरला नक्की मिळतं काय?

फॉरवर्ड_शॉर्टलेग
मंडळी, क्रिकेटच्या कट्ट्यावर हा विषय काढतोय, कारण सुरुवात मॅचपासूनच झाली. परवा कर्वे रोडच्या बाजूला एका मोठ्या स्क्रीनवाल्या हॉटेलात आमची गँग बसली होती. टॉसपासून शेवटच्या ओव्हरपर्यंत टेबल अडवून ठेवलं. बिल आलं तर खाली पाच टक्के जीएसटी आणि त्याच्या वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज. आमच्यातल्या एकाने ग्राहक हक्कांवर प्रवचन सुरू केलं, मॅनेजर आला, तोंड वाकडं करून चार्ज काढून दिला. आम्ही कप उचलल्यासारखे बाहेर पडलो. पार्किंगमध्ये एकजण म्हणाला, "अरे, पण ते दहा टक्के त्या पोराचे होते का?" कोणालाच माहीत नाही.
तर दोन प्रश्न. हा चार्ज जातो कोणाकडे? आणि पुण्यात वेटरला पगार असतो तरी किती? आयपीएलच्या लिलावात लखनौने पंतला किती मोजले हे इथं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल, म्हणून म्हटलं विचारावं.

सदाशिव_नाइटवॉचमन
२७ कोटी. (झोपेतून उठून.)
बाकी पुण्याच्या गहुंजे मैदानावर आपण तीन कसोट्या खेळलो, त्यातली एक जिंकलो. पुणेकरही तीन बिलांत एकदाच टीप ठेवतो. सरासरी सारखीच आहे, उगाच पोरांना दोष देऊ नका.

पर्वती_एक्सप्रेस
काका, ती एक पण डावाने जिंकली होती. कोहली २५४ नाबाद. तशी टीप तुम्ही कधी ठेवलीत?

सदाशिव_नाइटवॉचमन
मी २०१७ चा ओकीफ आहे, तोच ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज. दोन्ही डावांत सहा आणि सहा विकेट, तशी माझी टीप बारा रुपये. त्याच्या वर जात नाही.

तिसरा_पंच
पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, वकिलीची सवय. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. तो हॉटेलचा स्वतःचा आकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की तो बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने उकळायचा नाही आणि दिला नाही म्हणून कोणाला आत यायला अडवायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे तुम्ही काढायला लावलात ते कायद्याला धरूनच.
पण तो पैसा वेटरला द्यायलाच हवा, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. मालकाने ठेवला तरी चालतो, वाटला तरी चालतो. काही ठिकाणी महिन्याअखेर वाटतात, त्यातही मॅनेजरचा वाटा मोठा. तेव्हा तुमच्या मित्राचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर त्या एका हॉटेलापुरतंच मिळेल.

नेट_रनरेट
मला कळत नाही यात अपराधी वाटण्यासारखं काय आहे. बिल दिलं, विषय संपला. पगार देणं मालकाचं काम. पंतला २७ कोटी मिळतात कारण तीन-चार टीम त्याच्यामागे होत्या. वेटरमागे दहा हॉटेलं लागली की त्याचाही पगार वाढेल. मागणी-पुरवठा. हिंजवडीत आमच्या आयटीतही तेच चालतं.

पर्वती_एक्सप्रेस
हिंजवडीत तुमचा काम नसताना बसायचा बेंच पण एसीत असतो राव.

बोनस_लाइन
बेंचवरून आठवलं. भारताच्या कसोटी संघात अकरांत खेळलेल्याला १५ लाख मॅच फी. जो अकरांत नाही, नुसता संघात आहे, त्याला निम्मी. म्हणजे पाच दिवस पिवळं जॅकेट घालून पाणी नेणाऱ्याला साडेसात लाख. रणजीतही तसंच. वीसपर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला ४० हजार, राखीव असेल तर २०. मला त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही, मेहनत आहे. पण मैदानात पाणी घेऊन जाणारा आणि टेबलाशी पाणी घेऊन येणारा, दोघांच्या कामात नेमका किती फरक आहे हे नेट_रनरेट यांनी आलेख काढून दाखवावं.

नेट_रनरेट
ज्याला पाणी नेताना बघायला लोक तिकीट काढतात तो आणि ज्याला कोणी बघतच नाही तो, एवढा फरक आहे.

बोनस_लाइन
पाणी नेणाऱ्याला बघायला तिकीट काढलंय असा माणूस मला एकदा भेटवा.
(मी कबड्डीवाला. आमच्यात कोपऱ्यातला पकडला नाही तर रेडरचे गुण पाण्यात. १ मार्च २०२४ ला हैदराबादला पुणेरी पलटणने हरियाणाला २८-२५ ने हरवून प्रो कबड्डीचा कप घेतला तेव्हा चढाई करणाऱ्यांचे फोटो लागले, ठीक आहे. पण बाहेरून ओरडणारा राखीव गडीही मंचावर होता.)

बारावा_गडी
नाव माझंच आहे, तेव्हा बोलतो. नेहमी वाचतो, लिहीत नाही.
बार्शीहून स्पर्धा परीक्षेच्या नादात पुण्याला आलो. नारायण पेठेत कॉट बेसिसवर, दिवसा शास्त्री रोडला अभ्यासिका. घरून पैसे यायचे बंद झाले तेव्हा डेक्कनच्या बाजूला एका हॉटेलात संध्याकाळी लागलो. हॉटेलचं नाव विचारू नका. सहा ते बारा ठरलं होतं. नऊ हजार आणि जेवण. बारा कधीच नाही वाजले, एक वाजायचा. बारा वाजता भटारखान्यातला गॅस बंद. मग खुर्च्या टेबलावर उलट्या टाकायच्या, फरशी धुवायची, मोरी साफ, मग आमचं जेवण. भात आणि उरलेली डाळ. पनीर उरलं असलं तरी ते दुसऱ्या दिवशीच्या ग्रेव्हीत जायचं, आमच्या ताटात नाही.
माझ्यासारखे अर्धवेळवाले दोन-तीनच. बाकीचे पूर्णवेळ, बहुतेक ओडिशा आणि नेपाळची पोरं, पोटमाळ्यावर राहायची. सकाळी नऊला खाली उतरायची, रात्री एकला वर चढायची. मधे तीन ते पाच सुट्टी, पण त्या वेळात भाजी निवडायला हाक यायची. त्यांचा पगार "राहून-खाऊन" ठरतो. हा शब्द लक्षात ठेवा, सगळं त्यात बसवतात. झोपायला पोटमाळा दिला, जेवायला डाळ दिली, मग हातात किती पडतात त्याबद्दल तक्रार कशाला?
कापाकापी कशी होते ते सांगतो. खाडा झाला की त्या दिवसाचा पगार तर जातोच, आठवड्याची सुट्टीही कापतात. ग्लास फुटला, पैसे. गिऱ्हाईक बिल न देता पळालं, ज्याच्या सेक्शनमधलं टेबल त्याच्या नावावर. आणि पळतात बरं का, मॅचच्या दिवशी सगळ्यात जास्त. शेवटच्या ओव्हरला सगळे उभे असतात, त्या गर्दीत चार जण सटकले तर कोणाला कळतंय.
टीपचा डबा गल्ल्याजवळ. रात्री कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, मोजायचा. आधी कॅप्टन, मग वेटर, मग टेबल पुसणारे. आतल्यांना, म्हणजे तंदूरवाला, भांडीवाला यांना काहीच नाही. तो नियम कोणी केला माहीत नाही, सगळे पाळायचे.
क्रिकेटचंही सांगतो, नाहीतर अ‍ॅडमिन धागा हलवतील. १९ ऑक्टोबर २०२३, वर्ल्ड कप, भारत-बांगलादेश, आपल्याच गहुंज्यात. मला त्या दिवशी दुपारी एकला बोलावलं होतं. कोहलीच्या शंभराचा सगळा गोंधळ, सिंगल नाकारणं, पंच केटलबरोने तो वाइड न देणं, मग षटकार, हे सगळं मी ओरड्यावरून ऐकलं. पिकअपच्या खिडकीपाशी उभा होतो, हातात चार रोट्यांच्या टोपल्या. सात नंबरच्या टेबलावर वाइड होता की नव्हता यावरून दोघांची हातघाई होणार होती, ते सोडवायला मलाच पाठवलं. चेंडू मी आजपर्यंत यूट्यूबवरच पाहिलाय. वाइडच होता.

पर्वती_एक्सप्रेस
भावा, जबरदस्त लिहिलंस. आणि वाइड नव्हता, तो आत सरकला होता.

बारावा_गडी
तुम्ही सात नंबरवर होता का?

नेट_रनरेट
लिहिलंय चांगलं, पण एक प्रश्न राहतोच. इतकं वाईट असेल तर ती पोरं सोडून का जात नाहीत? पुण्यात दर दोन दुकानांआड "कामगार पाहिजेत" लिहिलेलं असतं.

बारावा_गडी
उचल. येतानाच घरच्या लग्नासाठी, आजारपणासाठी वीस-तीस हजार उचललेले असतात. फिटेपर्यंत जायचं कुठे? काही ठिकाणी आधार कार्ड गल्ल्यात ठेवून घेतात. आणि एक पगार कायम मागे ठेवतात. तो सोडायचा असेल तर जा.
तरी जातात. रात्री, पिशवी घेऊन. मग मालक म्हणतो, पोरं टिकत नाहीत.

कर्वेनगरची_कीपर
बारावा_गडी, तुम्ही भांडीवाल्याचं नाव घेतलंत म्हणून बरं वाटलं. इथे सगळे "वेटर, वेटर" करताहेत आणि आतल्या बायकांचा पत्ता नाही. आमच्या सोसायटीखाली पोळी-भाजी केंद्र आहे. चार जणी पहाटे साडेपाचला येतात. मजुरी पोळीमागे. गॅस संपला, कणीक उशिरा आली, तर तो वेळ त्यांचा गेला. उभ्याने लाटतात, कारण ओटा उभ्याचा आहे. आम्ही रांगेत उभे राहून म्हणतो, "मावशी, आज पोळी जरा जाड झाली." टीप वगैरे त्यांच्या स्वप्नातही नाही, त्या गिऱ्हाइकाला दिसतच नाहीत.
आणि क्रिकेटपुरतं: ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट बोर्डाने बायकांची मॅच फी पुरुषांइतकी केली. टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्या होत्या. पण वार्षिक कराराकडे बघा. तेव्हा पुरुषांच्या अ श्रेणीला पाच कोटी आणि बायकांच्या अ श्रेणीला पन्नास लाख. रोजंदारी सारखी केली, पगार नाही. आमच्या पोळीवाल्या मावश्यांना हा फरक एका वाक्यात कळला, इथल्या काहींना मागच्या वर्षी चार पानं लागली होती.

सदाशिव_नाइटवॉचमन
ताई, ती चार पानं माझी होती. मुद्दा तेव्हाही मान्य होता, आकडे मान्य नव्हते.

कर्वेनगरची_कीपर
काका, तुम्ही स्मृती मानधनाला "सांगलीची मुलगी चांगली खेळते" म्हणालात त्यावर दोन पानं गेली. आकड्यांवर एकच.

गल्ल्यावरचा
आता माझी ओव्हर. मी सिंहगड रोडला एक लहानसं हॉटेल चालवतो. नाश्ता, राइसप्लेट, संध्याकाळी थोडं पंजाबी. इथे सगळे मालकाला गब्बर समजून बोलताहेत, म्हणून लिहितो.
सगळ्यात मोठा खर्च जागेचं भाडं. दर वर्षी वाढतं आणि करार संपताना मालक दुप्पट तोंड उघडतो. मग व्यावसायिक सिलिंडर, १९ किलोचा. त्याचा भाव महिन्याच्या एक तारखेला बदलतो, माझं मेन्यूकार्ड बदलत नाही. मग तेल. मग घरपोच अ‍ॅपवाले. माझ्या प्रत्येक ऑर्डरमधला पाव हिस्सा त्यांच्याकडे जातो, वर "तुमच्या खर्चाने सूट द्या" असा तगादा. पाच टक्के जीएसटी तुम्ही देता, पण मी ज्या मालावर, भाड्यावर कर भरतो तो मला वजा करून मिळत नाही. हे सगळं झालं की उरतं त्यात पगार. पगार हा सगळ्यात शेवटचा, कारण बाकीचे कोणी थांबत नाहीत. भाडं थांबलं तर कुलूप. गॅस थांबला तर चूल. पोरगा एक आठवडा थांबतो.
मिसळ दहा रुपयांनी वाढवली की तोच ग्राहक, जो तुमच्या धाग्यावर हळहळतोय, गूगलवर एक स्टार टाकून जातो. "सॅम्पल पातळ, भाव जाड." हे मला खरंच लिहिलेलं आहे.
आणि मॅच. मी पण स्क्रीन लावला होता. सहा जणांचं टेबल, दोन कोल्ड कॉफी, एक फ्रेंच फ्राइज, चार तास. पाण्याच्या बाटल्या घरून आणलेल्या. त्या टेबलावर तेवढ्या वेळात एरवी चार वेळा गिऱ्हाईक बदललं असतं. पोरांचे हाल होतात ते खरं आहे, पण त्यांना उशिरापर्यंत थांबवतो कोण? तुम्ही उठत नाही म्हणून मी थांबवतो.
उचलीबद्दल. मी देतो. व्याज घेत नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा माझ्याकडची पोरं गावी गेली. त्यांच्याकडे मिळून जी उचल होती ती बुडाली, मी एकालाही फोन केला नाही. आधार कार्ड ठेवून घेणारे आहेत, मी नाही. सगळ्यांना एका ताटात वाढू नका.

पर्वती_एक्सप्रेस
शेठ, "सॅम्पल पातळ, भाव जाड" ज्याने लिहिलं त्याला धाग्यावर आणा, माणूस कामाचा आहे.

तिसरा_पंच
गल्ल्यावरचा, तुमची ओव्हर चांगली पडली, पण एकदोन नोबॉल आहेत.
महाराष्ट्रात हॉटेल हा किमान वेतनाच्या यादीतला उद्योग आहे. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग, आणि शहराप्रमाणे परिमंडळं. मूळ दरावर विशेष भत्ता. तो महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत बदलतो. म्हणजे तुमच्या गॅससारखाच पगारही आपोआप हलायला हवा. गिऱ्हाईक मिसळीला जास्त देत नाही, हे किमान वेतन न देण्याचं कारण म्हणून कुठल्याही कोर्टात चालत नाही. धंदा परवडतो की नाही हा प्रश्न त्या आकड्याच्या वर सुरू होतो, खाली नाही.
राहून-खाऊन: जेवण-राहणं दिलं म्हणून मनाला येईल तेवढं पगारातून वळतं करता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेत वस्तुरूपाने दिलेल्याची किंमत वेतनात धरायची ती एकूण वेतनाच्या पंधरा टक्क्यांपर्यंतच. फुटलेल्या ग्लासचे पैसे कापायचे तर त्याच्या निष्काळजीपणाने फुटला हे दाखवावं लागतं, आणि त्याला आधी बोलायची संधी द्यावी लागते. पळालेल्या गिऱ्हाइकाचं बिल सरसकट वेटरच्या नावावर टाकायला काहीच आधार नाही. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. जादा वेळेला दुप्पट दर. एक पगार मागे ठेवणं ही पद्धत असेल, कायदा नाही.
राज्य सरकारच्या मंत्रिमंडळाने २०२५ च्या सप्टेंबरात दुकानं-आस्थापनांत कामाचे रोजचे तास नवावरून दहा करायला मंजुरी दिली, तेव्हा वर्तमानपत्रात बरीच चर्चा झाली. बारावा_गडीच्या पोटमाळ्यावरच्या पोरांना नऊ काय आणि दहा काय. ती पंधरावर खेळताहेत.

गल्ल्यावरचा
वकीलसाहेब, कायदा मला माहीत आहे. माझ्याकडे हजेरीपट आहे. तुम्ही एक करा, माझ्या गल्लीतल्या सगळ्या हॉटेलांना एकाच दिवशी हा कायदा लावा. मी आनंदाने देतो. मी एकटा देणार आणि शेजारचा देणार नाही, मग त्याची राइसप्लेट माझ्यापेक्षा वीस रुपयांनी स्वस्त. तुम्ही जेवायला कुठे जाणार?

तिसरा_पंच
हा मात्र वाइड नाही. तपासणीच होत नाही ही खरी गोम आहे. पाळणारा मूर्ख ठरतो.

सदाशिव_नाइटवॉचमन
आता थोडा जुना चेंडू टाकतो, वळला तर वळला.
नेहरू स्टेडियमवर १९९६ च्या वर्ल्ड कपात केनियाने वेस्ट इंडिजला ९३ वर गुंडाळलं तेव्हा मी आत होतो. सामना लवकर संपला. स्वारगेटकडून चालत मार्केट यार्डाच्या बाजूला एका ओळखीच्या हमालाबरोबर "कष्टाची भाकर"मध्ये जेवलो. हमाल पंचायतीचं उपाहारगृह, बाबा आढावांनी सत्तरच्या दशकात सुरू केलेलं. भाकरी, पिठलं, ठेचा. स्वस्त, आणि कोणी "ए" म्हणणारं नाही. जेवणारे हमाल, रिक्षावाले, विद्यार्थी, माझ्यासारखे रिकामटेकडे. ना नफा ना तोटा. बाबा डिसेंबर २०२५ मध्ये गेले.
सांगायचं कारण वेगळं. हमाल तरी काय होते? वेटरसारखेच. आज या गाळ्यावर, उद्या त्या. मालक म्हणायचा, हा माझा माणूसच नाही. मग १९६९ चा माथाडी कायदा आला. माथाडी मंडळात मालकाची नोंद, कामगाराची नोंद. मालकाने मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम. त्यातून भविष्यनिर्वाह, रजा, औषधपाणी. हमाल या व्यापाऱ्याकडे असो की त्या, त्याचा हिशेब एकाच ठिकाणी. गल्ल्यावरच्यांचा "शेजारचा देत नाही" हा प्रश्न तिथे असाच सोडवला होता. सगळ्यांनी एकाच पेटीत टाकायचं. मग वेटरचं मंडळ का नको?

नेट_रनरेट
काका, माथाडीच्या नावाखाली सोसायटीत कोणी सोफा उतरवला की पैसे मागायला येतात, तेही सांगा ना. आमच्याकडे फ्लॅटचा ताबा घेताना झालंय.

सदाशिव_नाइटवॉचमन
येतात. खऱ्या मंडळाचा त्याच्याशी संबंध नसतो. मॅच फिक्सिंग झालं म्हणून क्रिकेट बंद केलं का? तुम्ही तरी बघायचं थांबलात?

तिसरा_पंच
मंडळाची कल्पना वाईट नाही. अडचण ही की बाजार समितीत सगळे व्यापारी एका आवारात असतात. हॉटेलं शहरभर पसरलेली, रोज उघडतात, रोज बंद होतात. मोजणारच कोण? तरी घरपोच पोचवणाऱ्या पोरांपुरतं नव्या संहितेत काहीसं असंच आलंय. अ‍ॅप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के सामाजिक सुरक्षेच्या निधीत भरायचे. ते टेबल वाढणाऱ्याला लागू नाही. त्याच्यासाठी दहा कामगारांवर ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, आणि वीसवर पीएफ. म्हणून पुण्यात नोंदीवर नऊ पोरं असलेली हॉटेलं फार.

गल्ल्यावरचा
माझ्याकडे खरेच नऊ आहेत.

पर्वती_एक्सप्रेस
आम्ही काही बोललो का शेठ?

फॉरवर्ड_शॉर्टलेग
धागा कुठून कुठे गेला. मजा आली, पण माझा हिशेब तसाच आहे. पुढच्या वेळी टीप ठेवायची तर कशी? क्यूआर हॉटेलचा. त्यावर शंभर जास्त टाकले तर ते मालकाच्या खात्यात.

बारावा_गडी
हे कोणीतरी विचारायलाच हवं होतं. पूर्वी बडीशेपेच्या ताटलीत सुटे परत यायचे. वीस-तीस रुपये उचलायची लोकांना लाज वाटायची, ते राहायचे. आमची टीप म्हणजे लोकांची ती लाज. स्कॅनर आला आणि बिल पैशापर्यंत बरोबर द्यायला लागले. सुटेच नाहीत तर राहणार काय? माझ्या शेवटच्या महिन्यांत डब्यात एका रात्री साठ रुपये असायचे, सहा जणांत. जुनी पोरं सांगायची की आधी चहा-नाश्ता-रिचार्ज सगळं डब्यावर निघायचं, पगार पूर्ण घरी जायचा.
वेटरचा स्वतःचा क्यूआर मागाल तर बहुतेक ठिकाणी कामावर फोन जवळ ठेवू देत नाहीत. तेव्हा रोख. दहा-वीसच्या नोटा खिशात ठेवा आणि ताटलीत ठेवू नका, हातात द्या. ताटलीतले डब्यात जातात, डब्यातले कॅप्टनकडे. आणि जमलं तर एखादी नोट "आत दे" म्हणून द्या. तंदूरपाशी उभं राहणाऱ्याला टीप मिळाली तर तो बाहेर येऊन कोणी दिली ते बघून जातो. मी दोनदा बघितलंय.

कर्वेनगरची_कीपर
हातात देणं ठीक. पण त्याने पगाराचा प्रश्न सुटला असं कोणी समजू नका. आपण टीप दिली की मालकाला वाटतं, निघतंय की पोरांचं. टीप हा पगार नाही, आणि किमान वेतनात ती धरायचीही नाही. बरोबर ना तिसरा_पंच?

तिसरा_पंच
बरोबर. गिऱ्हाइकाने खुशीने दिलेलं ते वेतन नव्हे.

बोनस_लाइन
मग मी दोन्ही करतो. टीप देतो आणि जिथे जातो तिथे विचारतो, "सुट्टी कधी असते तुमची?" पगार विचारला तर पोरं गल्ल्याकडे बघतात, सुट्टी विचारली की बोलतात. आठवड्याची सुट्टी मिळते की नाही यावरून बाकीचं कळतं.

नेट_रनरेट
मी अजूनही म्हणतो, हे गिऱ्हाइकाचं काम नाही. पण तो पळालेल्या टेबलाचा पैसा वेटरकडून कापणं हे शुद्ध चोरी आहे. त्यात मागणी-पुरवठा वगैरे काही नाही.

पर्वती_एक्सप्रेस
डीआरएस घेतला का साहेब?

नेट_रनरेट
अंपायर्स कॉल. निकाल तोच राहतो.

फॉरवर्ड_शॉर्टलेग
बरं, पुढच्या रविवारी मॅच आहे. जायचं कुठे? गल्ल्यावरचा, तुमच्याकडे स्क्रीन अजून आहे का?

गल्ल्यावरचा
आहे. पण अटी आहेत. दर तासाला टेबलावर काहीतरी खाण्याची ऑर्डर. पाण्याच्या बाटल्या घरून आणायच्या नाहीत. शेवटचा चेंडू पडल्यावर पंधरा मिनिटांत उठायचं, प्रेझेंटेशन सेरेमनी घरी बघा.

बारावा_गडी
आणि पोरांचं? मॅचच्या दिवशी जादा थांबतात त्याचं काय देता?

गल्ल्यावरचा
जेवण आणि दोनशे रुपये.

तिसरा_पंच
दुप्पट दराने काढा म्हटलं होतं. तीन तास जादा धरले तर दोनशेत बसतं का ते तुम्हीच बघा, हजेरीपट तुमच्याकडे आहे.

गल्ल्यावरचा
काढतो हो. रविवारी काढतो. पण मग सहा जणांनी दोन कोल्ड कॉफीवर चार तास बसणार नाही, असं मला लिहून द्या.

सदाशिव_नाइटवॉचमन
लिहून कशाला घेता? पाटी लावा.

गल्ल्यावरचा
पाटी लावली की तुम्ही फोटो काढून इथे टाकणार.

पर्वती_एक्सप्रेस
शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

कर्वेनगरची_कीपर
आम्ही पाच जणी येतोय. टेबल भिंतीकडचं ठेवा. आणि पोळ्या कोण लाटतं तुमच्याकडे?

गल्ल्यावरचा
दोघी आहेत. रात्री आठला जातात.

कर्वेनगरची_कीपर
मग साडेसातला येतो.